जर्दाळूंच्या खोऱ्यांतील बिनपगारी माणसें

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, सॅन फ्रॅन्सिस्को शहराच्या दक्षिणेस, सांता क्लारा नांवाचें एक लांबट खोरें आहे. त्याच्या उत्तरेस उपसागराचें उथळ करडें पाणी, पश्चिमेस सांता क्रूझचे दाट झाडीचे डोंगर व पूर्वेस उन्हाळ्यांत गवत वाळून सोनेरी दिसणाऱ्या टेकड्या आहेत. ह्या पूर्वेकडील रांगेंत माउंट हॅमिल्टन नांवाचें शिखर असून त्यावर १८८८ सालीं पूर्ण झालेली लिक वेधशाळा आहे. हवा स्वच्छ असली म्हणजे तिचा पांढरा घुमट खालच्या सपाटीवरूनहि दिसतो. येथें पाऊस पडतो तो हिवाळ्यांत, आणि उन्हाळा सगळा कोरडा जातो. आपल्याकडील ऋतुचक्राची संवय असलेल्या माणसास श्रावणांत वाळलेलें गवत व पौषांत हिरवीगार झालेली टेकडी पाहून प्रथम थोडें चुकल्या-चुकल्यासारखें होतें.

जगास हें खोरें 'सिलिकॉन व्हॅली' ह्या नांवानें ठाऊक आहे. परंतु तें नांव फार जुनें नाहीं. १९७१ सालीं डॉन हॉफ्लर नामक वृत्तपत्रकारानें आपल्या एका लेखमालेस तें दिलें व तेव्हांपासून तें रूढ झालें. त्यापूर्वीं हा सारा मुलूख जर्दाळू, आलुबुखार आणि चेरी ह्यांच्या बागांसाठीं प्रसिद्ध होता, आणि लोक त्यास 'हृदयानंदाचें खोरें' ह्या अर्थाच्या नांवानें ओळखीत. वसंतांत मैलोगणती पांढरा मोहोर फुललेला असे, असें जुनीं माणसें अजून सांगतात. दुसऱ्या महायुद्धानंतर बागा तुटल्या. त्यांच्या जागीं कारखाने, कचेऱ्या व बैठीं घरें आलीं. सनीव्हेल गांवीं नगरपालिकेनें सुमारें दहा एकरांची जर्दाळूची बाग मात्र मुद्दाम राखून ठेवली आहे. माझी भाची ह्याच गांवीं राहते. तिच्या घरीं माझा दोन महिने मुक्काम होता, आणि सकाळचा माझा फेरफटका बहुधा ह्या बागेच्या कडेनेंच होई.

प्रवासी म्हणून पाहूं गेल्यास ह्या भागांत डोळे दिपविणारें असें फारसें नाहीं. पॅलो आल्टो गांवांत ॲडिसन ॲव्हेन्यूवर ३६७ क्रमांकाचें एक घर आहे. त्याच्या मागें एक लहानसें लाकडी गाडीघर दिसतें. विल्यम ह्यूलेट व डेव्हिड पॅकार्ड ह्या दोन तरुणांनीं १९३८ सालीं तेथें काम सुरू केलें आणि १९३९ च्या आरंभीं ५३८ डॉलरांच्या भांडवलावर आपली पेढी स्थापिली. ध्वनिलहरी उत्पन्न करणारें एक उपकरण हा त्यांचा पहिला माल; 'फँटेशिया' ह्या चित्रपटाच्या कामासाठीं वॉल्ट डिस्नेच्या कंपनीनें त्याचे आठ नग घेतले. त्यांना ह्या मार्गास लावणारे गुरु म्हणजे स्टॅनफर्ड विद्यापीठांतील प्राध्यापक फ्रेडरिक टर्मन. आपले हुषार विद्यार्थी पदवी घेऊन पूर्वेकडील मोठ्या कंपन्यांत चाकरीस जातात ह्याचें त्यांना वाईट वाटे, आणि येथेंच कांहीं उभें करा असा त्यांचा आग्रह असे. कॅलिफोर्निया राज्यानें १९८७ सालीं ह्या गाडीघरास ऐतिहासिक स्थळ ठरविलें. घर खाजगी असल्यामुळें रस्त्यावरूनच दर्शन घ्यावें लागतें. आपल्याकडे एखाद्या संताच्या मठींत जसें वाकून जावें लागतें, तशा भावनेनें तेथें उभे असलेले परदेशी तरुण मीं पाहिले.

ह्या खोऱ्यांत उद्योगाचें बीज इतकें कां रुजलें, ह्याचीं कारणें विद्वानांनीं पुष्कळ दिलीं आहेत. विद्यापीठ, सरकारी संरक्षणखात्याच्या मागण्या, भांडवलदारांची धाडसी वृत्ति हीं तर आहेतच. पण एक कारण मला विशेष मनोवेधक वाटलें. एक मालक सोडून दुसऱ्याकडे जाण्यास नोकरास बंदी करणारा करार कॅलिफोर्नियाच्या १८७२ च्या कायद्यापासून निरर्थक मानला गेला आहे. त्यामुळें येथील माणूस एका कंपनींतून दुसरींत, व दुसरींतून स्वतःच्या धंद्यांत सहज जातो. १९५७ सालीं शॉक्ली ह्यांच्या प्रयोगशाळेंतून आठ शास्त्रज्ञ एकदम बाहेर पडले व त्यांनीं फेअरचाइल्ड सेमिकंडक्टर कंपनी काढली. तिच्यांतून फुटलेल्या शाखांची वंशावळ एखाद्या मोठ्या घराण्याच्या कुळवृत्तान्तासारखी लांबच लांब आहे. ॲनाली सॅक्सेनियन ह्या विदुषीनें १९९४ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत असें दाखविलें कीं, पूर्वेकडील बॉस्टनच्या परिसरांत कंपन्या आपलें ज्ञान भिंतींच्या आंत कोंडून ठेवीत, तर ह्या खोऱ्यांत प्रतिस्पर्धी कंपन्यांचे इंजिनीयर संध्याकाळीं एकत्र बसून एकमेकांच्या अडचणी सोडवीत.

ह्या एकत्र बसण्यास येथें मोठी परंपरा आहे. १९७५ च्या मार्च महिन्यांत मेन्लो पार्क येथील एका गृहस्थाच्या गाडीघरांत संगणकाच्या नादानें वेडावलेलीं कांहीं माणसें जमलीं. 'होमब्रू कंप्यूटर क्लब' ह्या नांवानें त्यांचा मेळा पुढें प्रसिद्धीस आला. तेथें पगार कोणास नव्हता. जो तो आपलें यंत्र आणी, नकाशे वाटी, दुसऱ्याचें पाही. स्टीव्ह वॉझ्निॲक ह्यांनीं ॲपल कंपनीचा पहिला संगणक ह्याच मंडळींपुढें मांडला. जगाच्या घडीवर परिणाम करणारें काम अशा बिनपगारी बैठकींतून सुरू झालें, ही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे.

आपल्या देशबांधवांचा संबंध येथें पुढें येतो. १९६५ सालीं अमेरिकेनें आपला परदेशीयांच्या प्रवेशाचा कायदा बदलला व त्यानंतर हिंदुस्थानांतील इंजिनीयर मोठ्या संख्येनें ह्या खोऱ्यांत आले. त्यांच्या बुद्धीचें कौतुक होई. पण कंपनीचीं सूत्रें हातीं देण्याची वेळ आली म्हणजे भांडवलदार कां-कूं करीत. ज्यांनीं ही भिंत ओलांडली त्यांत सिरस लॉजिकचे संस्थापक डॉ. सुहास पाटील व एक्सेलन कंपनीचे कंवल रेखी हे प्रमुख होत. डॉ. पाटील ह्यांचा जन्म जमशेदपूरचा. खडगपूर येथील आय.आय.टी.तून ते अमेरिकेंत मॅसॅच्युसेट्सला गेले. रेखी हे मुंबईच्या पवई येथील आय.आय.टी.चे विद्यार्थी. ह्यांनीं व इतर कांहीं सधन झालेल्या मंडळींनीं १९९२ सालीं 'द इंडस आंत्रप्रेन्युअर्स' म्हणजे संक्षेपानें 'टाय' ही संस्था काढली. तिच्या जन्माची कथा गमतीची सांगतात. दिल्लीहून एक मोठे अधिकारी यावयाचे होते, त्यांच्या विमानास उशीर झाला; वाट पाहत बसलेल्या मंडळींनीं आपसांत बोलण्यास आरंभ केला, आणि इतकीं वर्षें एकाच खोऱ्यांत राहून आपण एकमेकांस ओळखत नव्हतों हें त्यांच्या ध्यानीं आलें. संस्थेच्या नांवांत कोणा एका देशाचें नांव न घालतां सिंधु नदीचें घातलें, कारण त्या भूमीशीं नातें असलेल्या सर्वांसाठीं दार उघडें ठेवावयाचें होतें. पुढें तर सर्वच लोकांना तेथें प्रवेश मिळूं लागला, आणि जगांतील डझनावारी शहरांत तिच्या शाखा झाल्या. ज्यांना यश लाभलें त्यांनीं नवख्यांस आपला वेळ, अनुभव व ओळखी विनामोबदला द्याव्या, हें तिचें मुख्य सूत्र.

ह्याच वळणाचें, परंतु आकारानें पुष्कळ लहान असें एक मंडळ माझ्या भाचीच्या परिचयाचें आहे, आणि गेलीं सहा वर्षें ती त्यांत स्वयंसेवक म्हणून काम करते. मंडळाचें नांव येथें सांगण्याचें प्रयोजन नाहीं. वर्षांतून एकदां त्याचे जबाबदारीचीं कामें करणारे चाळीसएक स्वयंसेवक सांता क्रूझच्या डोंगरांतील एका शिबिरगृहांत दोन दिवस एकत्र राहतात. भाद्रपदांतल्या अशाच एका शनिवारीं भाचीनें मलाहि बरोबर नेलें.

वाट वळणावळणानें चढत जाते. खालीं खोऱ्यांत ऊन पडलें होतें, पण वर पोंचलों तेव्हां समुद्रावरून आलेलें धुकें झाडांतून हिंडत होतें. हीं झाडें म्हणजे प्रसिद्ध रेडवुड. त्यांच्या खोडाशीं उभें राहून शेंडा पाहूं म्हटलें तर टोपी सांवरावी लागते. शिबिरगृहाच्या अंगणांत अशा झाडांचें एक नेमकें वर्तुळ होतें, आणि मध्यें जुना तुटलेला बुंधा. जुनें झाड पडलें किंवा तोडलें म्हणजे त्याच्या मुळांतून भोंवतीं नवे कोंब फुटतात व कालांतरानें त्यांचेंच असें कडें तयार होतें, असें तेथील रखवालदारानें सांगितलें.

जमलेली मंडळी नाना देशांची होती. कोणी मेक्सिकोचे, कोणी चिनी, कोणी तेलुगु, कोणी ह्याच राज्यांत सात पिढ्या राहिलेले. व्यासपीठ नव्हतें, हारतुरे नव्हते, अध्यक्षांच्या परिचयाचें भाषणहि नव्हतें. खुर्च्या गोल मांडल्या होत्या आणि प्रत्येकास बोलण्यास दोन मिनिटें. वेळ मोजण्यास एक वाळूचें घड्याळ. आरंभीं प्रत्येकानें आपण वर्षभर काय केलें तें सांगितलें. कोणी दरमहाच्या सभेंत दाराशीं बसून येणाऱ्यांचीं नांवें लिहून घेतलीं होतीं, कोणी सभागृह मिळविलें होतें, कोणी नवख्या उद्योजकाचे हिशेब तपासून दिले होते. एका तरुणाचा स्वतःचा धंदा वडिलांच्या शिलकीसकट दोन वर्षांपूर्वीं बुडाला होता. तो आतां दर बुधवारीं, धंदा बंद कसा करावा व देणेकऱ्यांशीं कसें बोलावें, हें इतरांस समजावून सांगतो. "उभारणीचे धडे देणारे पुष्कळ आहेत," तो म्हणाला, "मोडणीच्या वेळीं जवळ कोणी नसतें." त्याच्या बोलण्यानंतर वाळू संपली तरी कांहीं वेळ कोणी बोललें नाहीं.

दुपारीं खरा प्रश्न निघाला. मंडळांतील एका अनुभवी सल्लागारानें एका तरुण स्त्रीस चार महिने मार्गदर्शन केलें, आणि मग तिच्या कंपनींत दोन टक्के भाग मागितला. तिनें दिला. नियमाचा भंग झाला नव्हता, कारण तसा नियमच नव्हता. ती स्त्री त्या दिवशीं तेथें स्वयंसेवक म्हणून हजर होती. ती उठली आणि म्हणाली, "मी नको म्हणूं शकत होतें, हें मला ठाऊक आहे. पण ज्यांच्यापाशीं मीं माझ्या सगळ्या अडचणी उघड केल्या, त्यांना नको म्हणण्याचें बळ माझ्यांत उरलें नव्हतें."

ह्यावर मोठा वाद झाला. एका पक्षाचें म्हणणें असें कीं, अनुभवी माणसाचा वेळ मोलाचा असतो. त्यास कांहींच मिळावयाचें नसेल तर चांगलीं माणसें येणार नाहींत. शिवाय ज्यास भाग मिळाला तो मन लावून मदत करील. दुसरा पक्ष म्हणे, ज्याच्यापाशीं मन मोकळें करावयाचें त्याच्याच हातांत तराजू असेल तर मन मोकळें होणार कसें? दोन्हीं बाजूंस तथ्य होतें. मंडळाचे अध्यक्ष सत्तरीचे गृहस्थ, स्वतःची कंपनी विकून गेलीं अकरा वर्षें ह्या कामास वाहून घेतलेले. तो सल्लागार त्यांचा जुना स्नेही. सर्वांचे डोळे त्यांच्याकडे लागले. ते शांतपणें म्हणाले, "ह्या गोष्टींत मी निःपक्षपाती नाहीं. मी मत देणार नाहीं आणि चर्चेसहि बसणार नाहीं." आणि ते उठून बाहेर अंगणांत गेले.

हें सारें ऐकतांना मला आमच्या पुण्याची आठवण झाल्यावांचून राहिली नाहीं. १८८४ सालीं डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली तेव्हां अल्प वेतनावर आयुष्य वाहणाऱ्या आजीव सभासदांच्या त्यागावर ती उभी होती. पण थोड्याच वर्षांत, आजीव सभासदानें संस्थेबाहेर अर्थप्राप्ति करावी कीं नाहीं, ह्या व अशा प्रश्नांवरून मतभेद विकोपास गेले आणि १८९० सालीं टिळकांनीं राजीनामा दिला. दोन्हीं बाजूंस स्वार्थत्यागी व बुद्धिमान माणसें होतीं. तरीहि त्यागाची मर्यादा कोठें आंखावयाची, हें त्यांना एकमतानें ठरवितां आलें नाहीं. पैशाच्या व्यवहारांत माणसें भांडतात ह्याचें आपल्याला नवल वाटत नाहीं. पण निरपेक्ष सेवेच्या संस्थांत भांडणें अधिक कडवट होतात, कारण तेथें प्रत्येकास आपण कांहीं दिलें आहे ही जाणीव असते, आणि दिल्याचा हिशेब कोठें लिहिलेला नसतो.

डोंगरांतील त्या मंडळींनीं तो लिहिण्याचें ठरविलें. संध्याकाळपर्यंत तीन वाक्यांचा नियम तयार झाला. मार्गदर्शन चालू असतांना व त्यानंतर एक वर्ष सल्लागारानें त्या धंद्यांत भाग घेऊं नये. कोणास भांडवल घालण्याची इच्छाच झाली तर त्यानें आरंभींच तसें सांगावें व मार्गदर्शनाचें काम दुसऱ्याकडे सोंपवावें. आणि ज्यास मदत हवी त्याला हा नियम पहिल्याच भेटींत वाचून दाखवावा. नियम मागील व्यवहारास लागू होत नव्हता. त्या स्त्रीचे दोन टक्के गेले ते गेलेच. तरी मतासाठीं हात वर करण्यांत तीच पहिली होती.

अध्यक्ष परत आले. ठराव ऐकून त्यांनीं मान डोलावली, आणि मग आपल्याकडील एक सूचना मांडली: कोणतेंहि पद दोन वर्षांहून अधिक काळ एका माणसाकडे राहूं नये. "ह्याची सुरुवात माझ्यापासून करा," ते म्हणाले. अकरा वर्षें ज्यांनीं हांक दिली त्या माणसाचे हे शब्द ऐकून कित्येकांचे डोळे ओलावले. सल्लागारांच्या विभागाचें नेतृत्व माझ्या भाचीकडे यावें, असें दोघां-तिघांनीं सुचविलें. तिनें उत्तर दुसऱ्या दिवसावर ढकललें.

रात्रीं जेवण झाल्यावर आम्ही दोघें व्हरांड्यांत बसलों. ती म्हणाली, "मामा, नोकरी आहे, मुलाची दहावी आहे, पुण्याला आईचे गुडघे दुखतात म्हणून रोज फोन असतो. ह्यांत हें कोठें बसवूं? नाहीं म्हटलें तर वाईट वाटतें. हो म्हटलें तर घर म्हणेल, बाहेरच्यांसाठीं वेळ आहे, आमच्यासाठीं नाहीं."

मीं विचारलें, "हें काम तूं मुळांत कशासाठीं धरलेंस?"

ती थोडा वेळ थांबली. "मी येथें आलें तेव्हां मला कोणी ओळखत नव्हतें. एका बाईंनीं माझा अर्ज तीन वेळां लिहवून घेतला. तिचें नांव कोणत्याहि भिंतीवर नाहीं. तिला काय द्यावें म्हणून विचारलें, तर म्हणाली, पुढच्याला दे."

मीं सल्ला दिला नाहीं. तिनें मागितलाहि नव्हता. सकाळीं तिनें सभेस सांगितलें कीं, ती काम घेईल, परंतु एकटी नाहीं. तिच्याबरोबर दुसरें कोणी समान अधिकारानें असावें, आठवड्याला चार तासांहून अधिक वेळ कोणाकडून अपेक्षूं नये, आणि ज्यास घरच्या अडचणीमुळें सुटी घ्यावी लागेल त्यास कारण विचारूं नये. जोडीदार म्हणून त्या धंदा बुडालेल्या तरुणाचें नांव तिनेंच सुचविलें. तें मान्य झालें.

उद्योग म्हणजे भांडवल, असें आपल्या पांढरपेशा घरांत पुष्कळदां मानलें जातें, आणि भांडवल नाहीं म्हणून मुलास नोकरीचा मार्ग दाखविला जातो. भांडवल लागतेंच, पण त्याबरोबर विश्वासानें दार उघडणारें माणूस लागतें. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १९१० सालीं कुंडलच्या माळावर कारखाना वसविला, तो औंधच्या अधिपतींनीं त्यांना जागा व पैसा देऊन पाठीशीं उभे राहिल्यामुळें. असे राजे आतां नाहींत. परंतु प्रत्येक गांवांत पेन्शनीत निघालेले हिशेबनीस, वकील, यंत्रज्ञ आणि शिक्षक आहेत. एक खोली, महिन्यांतून एक संध्याकाळ, बसावयास सतरंज्या आणि वेळ मोजण्यास घड्याळ, इतक्यावर असें मंडळ कोणत्याहि पेठेंत चालूं शकेल. त्यासाठीं सांता क्लाराचें हवामान लागत नाहीं. लागते ती पहिल्या दिवशींच लिहून ठेवलेली मर्यादा: मदतीच्या मोबदल्यांत काय मागावयाचें नाहीं, आणि आपली खुर्ची केव्हां सोडावयाची. मागाहून लिहिलेला नियम मागच्या माणसाचें नुकसान भरून काढीत नाहीं, हें त्या तरुण स्त्रीच्या दोन टक्क्यांवरून उघड आहे. तिच्यानंतर येणाऱ्यांना मात्र तो पहिल्याच भेटींत वाचून दाखविला जातो. आणि माझ्या भाचीनें कळविल्याप्रमाणें, तो वाचून दाखविण्याचें काम तिनें स्वतः मागून घेतलें आहे.